फळीत गाठ नव्हती

दाजी, तुमच्या दहाव्याला गंगेवर रामभाऊ मिस्त्री जे बोलले ते मी ऐकलं आणि गप्प बसलो.

पिंडाला कावळा शिवायची वाट बघत माणसं भिंतीच्या सावलीला उभी होती. रामभाऊ कुणाला तरी सांगत होते, "सोपान म्हंजी सोन्याच्या हाताचा माणूस. देव्हारा करावा तर त्यानंच. पण एकदा गाठ हुकली बघा. लाकडातली गाठ दिसली नाय, फळी उलटी आली आन् बरगडीत बसली. तिथनंच माणूस ढासळला." ऐकणारा म्हणाला, "एवढा मोठा मिस्त्री, आणि गाठ हुकली?" रामभाऊंनी नुसते हात पसरले.

मी तीन हातांवर होतो. हातात चहाचा कागदी कप होता. एक वाक्य बोलायचं होतं, तेवढंच. ते वाक्य मी दोन वर्षं बोललो नव्हतो. तेव्हाही नाही बोललो.

म्हणून आता लिहितोय. लिहायची मला कधी भीती वाटली नाही. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो आणि सांगताना माझी मान ताठ होते, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. तुम्ही म्हणायचात, "मान ताठ ठिव, पण आधी शर्टाचं बटन लाव."

ताईच्या लग्नात मी सातवीत होतो. नवऱ्याचा कान पिळायला मला पुढं ढकललं. कुणीतरी मागून म्हणालं, जोरात पीळ, बहिणीला नीट नांदवील. मी असा पिळला की तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही आमच्या अण्णांना म्हणालात, "मामा, ह्याला आवरा, नायतर पोरीला बहिरा नवरा मिळंल." सगळा मांडव हसला. मला कानपिळीचा शर्ट मिळाला, आणि तुम्हाला जन्माचा एक विनोद. पुढं आपल्यात काही वाद झाला की तुम्ही कान पुढं करायचात. "माझं चुकलं असंल तर पीळ. हा हक्क तुला एकट्यालाच दिलाय."

इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या दिवशी अण्णा येईनात. द्राक्षाच्या बागेत फवारणी चालू होती हे निमित्त. खरं म्हणजे ते घाबरले होते. "साहेब लोकांत मला नको नेऊ," म्हणाले. तुम्ही आलात. इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि कानावर कायम असायची ती पेन्सिल घरी ठेवली होती. दिवसभर त्या ऑफिसबाहेरच्या बाकड्यावर बसलात. हात सारखा कानाकडं जायचा आणि रिकामा परत यायचा.

खिडकीतल्या माणसानं विचारलं, "वडील का?"

"नाय, दाजी."

"वडील कुठं आहेत?"

"वडील बागंत हायेत. मी हाय ना. सही कुठं करू ते सांगा."

संध्याकाळी बसस्टँडकडं चालताना मी विचारलं, "कसं वाटलं कॉलेज?" तुम्ही बराच विचार करून म्हणालात, "चांगलंय. बाकड्याचा सांधा ढिला हाय तेवढा." आणि महिन्याच्या आत मला ड्रॉइंग बोर्ड करून दिलात. आमच्या सरांनी त्याला चारही कोपऱ्यांत गुण्या लावून पाहिला आणि विचारलं, कुठल्या दुकानातून आणला? मी म्हणालो, घरचा आहे. त्या वेळी माझी मान पहिल्यांदा ताठ झाली असावी, आणि ती माझ्या हुशारीनं नव्हे.

नोकरी लागली, अंबडला. क्वालिटीच्या खात्यात, म्हणजे दुसऱ्यानं केलेलं काम मोजायचं आणि चूक असेल तर परत पाठवायचं. पहिल्या वर्षी स्वतःचा वर्निअर घेतला, लाकडी पेटीतला. तुम्ही तो हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिलात आणि म्हणालात, "लय भारी. ह्यानं भाकरीची जाडी मोजता येईल का? तुझी ताई रोज येगळी करती." आतून ताई ओरडली, "जाडी मोजून खाणाऱ्यानं स्वतः थापावी."

मग ते मशीन आलं.

सातपूरला एक फर्निचरचा कारखाना बंद पडला होता. तिथलं जुनं कटरचं मशीन तुम्ही टेम्पोत घालून पेठ रोडच्या शेडवर आणलंत. लोखंडी टेबल, त्याच्या मधोमध फटीतून वर आलेलं गोल पातं, आणि पात्याच्या उजव्या हाताला एक लांब लोखंडी पट्टी. फळी त्या पट्टीला टेकवायची आणि पुढं ढकलायची, पातं चिरत जातं. पट्टी पात्याच्या रेषेत असेल तर चीर सरळ. तुम्ही तिला गाइड म्हणायचात. तीस वर्षं करवत ओढलेल्या माणसाला ते मशीन मिळालं तेव्हा तुम्ही त्याला नारळ फोडलात, हळदीकुंकू लावलंत आणि दोन दिवस नुसतं पुसत बसलात.

पण गाइडमध्ये खोट होती. तिचा चाप झिजला होता. पुढून आवळली की मागचं टोक आपलं आपण सरकायचं. जुन्या मालाचं असंच, आधीच्या मालकाची खोड घेऊनच ते येतं. तुम्ही तेलाच्या डब्याचा पत्रा नखाएवढा कापून चापात सरकवलात, मागच्या टोकाला लाकडी मोगरीनं हलकेच ठोकलंत, डोळा बारीक करून पाहिलंत आणि म्हणालात, "बसली." आठ-दहा देव्हारे त्यावर उतरले. चिरा आरशासारख्या.

मला मात्र तो पत्र्याचा तुकडा खुपायचा. आणि त्याहून तुमचं एक वाक्य. तुम्ही ती पट्टी पुढच्यापेक्षा मागून केसभर मोकळी ठेवायचात. मी विचारलं, का? तुम्ही म्हणालात, "चिरल्यावर लाकूड उसासा टाकतं. फाकतं जरा. त्याला जागा नको?"

"समांतर म्हणजे समांतर, दाजी. केसभर हे काही माप नाही. कुणाच्या केसाएवढं?"

"तुझ्या ताईच्या धर. माझ्या डोक्यावर ऱ्हायलेत कुठं."

किती रविवार हा वाद चालला असेल. मी कागदावर रेघा काढून दाखवायचो, तुम्ही चहा बशीत ओतत ऐकून घ्यायचात. शेवटी म्हणायचात, "तुझी रेघ बरोबरच हाय, इंजिनेर. पण लाकडाला तिचा पत्ता नाय." आज सांगतो, जगभरातले सुतार याच गोष्टीवर भांडतात हे मी नंतर वाचलं. काही म्हणतात अगदी समांतर, काही म्हणतात मागून किंचित मोकळी. दोघांनाही एक मात्र मान्य आहे: मागून कधीही आवळती नको. मागचं टोक पात्याच्या अंगावर आलं की फळी पट्टी आणि पातं यांच्यात चिमटते, पात्याचे मागचे दात तिला उचलतात आणि ढकलणाऱ्याच्या अंगावर भिरकावतात.

मी तेच केलं.

तो रविवार मला घरातल्या वस्तूसारखा रोज दिसतो. मी वर्निअरची पेटी घेऊन आलो होतो. ताई दारात तांदूळ निवडत बसली होती. मी म्हणालो, आज एकदाचा निकाल लावू. पट्टी शंभरवर लावली. पुढच्या बाजूला पात्याच्या दातापासून पट्टीपर्यंत मोजलं: शंभर. मग मागच्या बाजूला जो दात समोर होता त्याच्यापासून मोजलं: शंभर पॉइंट आठ.

"पॉइंट आठ म्हंजी किती?"

"जवळजवळ एक मिलिमीटर. हा तुमचा केस आहे का दोरखंड?"

तुम्ही गोंधळलात. पट्टीकडं पाहिलंत, पात्याकडं पाहिलंत. "एवढं नाय व्हायचं. मी ठेवली ती केसभर. तुझं मोजमाप कायतरी चुकतंय बघ."

"मोजमाप चुकत नसतं, दाजी. माणूस चुकतो."

हे वाक्य मी बोललो. शिकलेल्या तोंडानं बोललो.

तुम्ही हसलात आणि कान पुढं केलात. "मंग पीळ." आणि मी खरोखरच पिळला. ताई दारातून म्हणाली, "आरं, मोठ्या माणसाचा कान पिळतो का? लग्नात पिळला तेवढा बास." पण ती हसत होती, तुम्हीही हसत होता. मी चापातला पत्र्याचा तुकडा काढून फेकून दिला, मागचं टोक पॉइंट आठनं आत घेतलं, पुन्हा मोजलं, आकडे जुळले. म्हणालो, आता चालवा.

तुम्ही नेहमी पात्याच्या डाव्या अंगाला उभे राहायचात, फळीच्या रेषेत कधीच नाही. त्या दिवशी त्या जागेवर मी उभा होतो, चीर बघायला. तुम्ही मला सरक म्हणाला नाहीत. सागवानाची फळी घेतलीत आणि सरळ तिच्या मागं उभे राहिलात.

हातभर चिरली असेल. मग नुसता आवाज झाला, दार आपटल्यासारखा. फळी तुमच्या उजव्या बरगडीवर बसून मागच्या पत्र्यावर आदळली. तुम्ही खाली बसलात. पडलात नाही, बसलात, एखादं काम संपवून बसावं तसे. मी बटण बंद केलं. ताई तांदळाचं सूप टाकून धावत आली.

"काय झालं? काय झालं वो?"

मी तोंड उघडायच्या आत तुम्ही बोललात. श्वास पुरा येत नव्हता, तरी बोललात.

"गाठ व्हती. फळीत गाठ व्हती. हुकली माझी."

ताई रिक्षा बघायला गेली तेव्हा तुम्ही माझ्याकडं पाहिलं नाहीत. जमिनीकडं बघत म्हणालात, "ती फळी बंबात घाल." मी ती उचलली. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. स्वच्छ लाकूड होतं, दाजी. एक ठिपका नव्हता. मी तिचे करवतीनं चार तुकडे केले आणि बंबात घातले. पुरावा मी स्वतःच्या हातानं जाळला. आणि मला हायसं वाटलं, हेही लिहून टाकतो.

दोन बरगड्या. दीड महिना तुम्ही हात वर उचलू शकला नाहीत. मी रोज कंपनीतून सुटलो की यायचो. रोज ठरवून यायचो की आज बोलायचं. आणि रोज तुम्ही मला दुसऱ्याच गोष्टीत गुंतवायचात. आपली पोरगी पुण्याला नर्सिंगला जायचं म्हणते, तिचा फॉर्म बघ. शेडचा मीटर बघ. आता वाटतं, तुम्ही मला अडवत होतात. तेव्हा वाटायचं, बरं झालं.

बरे झाल्यावर तुम्ही पहिलं काम गाइडचं केलंत. मी आलो तेव्हा पट्टी लागलेली होती, चापात नवा पत्रा होता, आणि पात्याच्या एकाच दाताला पांढरा खडू लावलेला होता. एकाच. मी त्या दाताकडं बघत उभा राहिलो आणि सगळं कळलं. पात्याचे दात एक डावीकडं, एक उजवीकडं वाकवलेले असतात. मी पुढं एका कुशीचा दात धरला होता आणि मागं दुसऱ्या कुशीचा. जो फरक मी मोजला तो पट्टीचा नव्हता, दातांचा होता. एक दात धरायचा, पुढं मोजायचं, पातं हातानं फिरवून तोच दात मागं न्यायचा, तिथं मोजायचं. चौथी नापास माणसानं हे नुसत्या विचारानं शोधलं होतं. मी चार वर्षं मोजमापाचंच शिकलो होतो.

तुम्ही खडूकडं बोट दाखवलं नाहीत. मीही विचारलं नाही. तुम्ही म्हणालात, "चहा घेणार का?"

मी घेणार म्हणालो.

एवढ्यावर राहिलं असतं तरी मी कदाचित विसरलो असतो, माणूस स्वतःला बरंच काही विसरू देतो. पण ती गाठ गावभर झाली. लाकूड वाचता येणं हीच तुमची इज्जत होती. वखारीत फळीवर नुसता हात फिरवून तुम्ही सांगायचात, ही आतून फुटंल, ती नको. त्या वखारीत रामभाऊंनी तुमचं नाव ठेवलं, "गाठे मिस्त्री". मी तुमच्याबरोबर माल घ्यायला आलो होतो तेव्हा माझ्यासमोर ते ओरडले, "या गाठे मिस्त्री! चष्मा आणला का?" सगळे हसले. तुम्हीही. माल बघताना मात्र तुम्ही फळीवर हात फिरवणं सोडलंत. पोऱ्या जी देईल ती घ्यायचात.

आणि ताई. ताईच्या जिभेला तर तुम्हाला बोलायला नवीनच कारण मिळालं होतं. भाकरी वाढताना म्हणायची, "बघून खावा, गाठ असंल भाकरीत." तुम्ही भाकरी उजेडाला धरून बघायचात आणि म्हणायचात, "नाय, आज साफ हाय." मी समोर बसून जेवत असायचो.

तुम्ही गेलात त्याचा त्या फटक्याशी संबंध नाही. मी डॉक्टरांना एकट्याला गाठून विचारलं. ते म्हणाले, बरगड्या केव्हाच जुळल्या होत्या, हृदयाचं दुखणं निराळं. मी ते मानतो. मानलं नाही तर मला जगता येणार नाही असं नाही, पण मी मानतो, कारण ते खरं आहे. प्रश्न तुमच्या मरणाचा नाहीच. प्रश्न इतकाच की तुमच्यामागं तुमचं जे नाव उरलं, त्यात एक खोटं आहे, आणि ते माझ्यासाठी घातलेलं आहे.

चौदावा झाल्यावर ताईनं मला बोलावलं. शेडचं कुलूप काढलेलं होतं. तुमचा अर्धा राहिलेला देव्हारा मधे ठेवलेला होता, कळस झालेला, बाजूच्या पट्ट्या राहिलेल्या. मशीन पुसलेलं होतं. ती पदर कमरेला खोचून उभी होती.

"हा मी पुरा करणार," ती म्हणाली. "इतकी वर्षं मागून फळ्या ओढल्या, पुढून ढकलायला काय लागतं? तू फकस्त गाइड लावून दे. पोरगी आली होती तवा मशीन पुसताना धक्का बसला, ती हलली."

"ताई, हे काम सोपं नाही."

"सोपं नाय म्हणून तर तुला बोलावलं. आन् मी काय त्यांच्यासारखी नाय. फळी चारदा बघून घेईन. गाठ दिसली की बाजूला. बाकी कशाचं भ्या नाय."

दाजी, तुमचं ते खोटं त्या क्षणापर्यंत फक्त तुमच्या नावावर बसलेलं होतं. आता ते ताईच्या बरगडीकडं निघालं होतं. ती गाठी शोधत बसणार होती, आणि पट्टीकडं बघणारच नव्हती.

मी म्हणालो, "ताई, गाठ नव्हती."

"कशात?"

"त्या फळीत. गाठ नव्हतीच. पट्टी मी बिघडवली होती. मोजायला मी चुकलो, आणि मागून आवळून ठेवली. दाजींनी माझ्यासाठी गाठ सांगितली."

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. टेबलावर भुसा नव्हता तरी पदराच्या टोकानं टेबल पुसायला लागली.

"भाकरीत गाठ असंल म्हणत होते मी."

"हो."

"दोन वर्षं."

"हो."

"तू समोर बसून जेवत व्हता, दिल्या."

"हो."

"हसला पण असशील."

"हसलो होतो."

मला वाटलं ती मारेल. लहानपणी मारायची. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली आणि तुम्हालाच बोलायला लागली, मी तिथं नसल्यासारखी. "आवो, एकदा तरी सांगायचं. रात्री तरी सांगायचं. मी काय भावाला घराबाहेर काढलं असतं? दोन दिवस बोलले नसते, एवढंच ना." मग थोडी थांबली आणि म्हणाली, "नाय. काढलंच असतं मी."

नंतर उठली. मला म्हणाली, "दाखव कसं लावायचं."

मी खडू आणला. एका दाताला लावला, पुढं मोजलं, तोच दात फिरवून मागं नेला, मोजलं. तिला करायला लावलं. तिनं तीनदा केलं, तिन्ही वेळा आकडा सारखा आला. मागून केसभर मोकळी ठेवली. तुमचा वाद तुम्ही जिंकलात असं मी म्हणणार नाही, कागदावर मी अजूनही बरोबर आहे. पण मशीनसमोर माझी बहीण उभी राहणार आहे. कुठं उभं राहायचं, तेही दाखवलं, डाव्या अंगाला, आणि जमिनीवर रंगानं पावलं काढून दिली. बाहेर कुणी तिला अजून गाठच सांगितली, तरी पट्टी आणि पावलं तिला आधी पाठ असावीत.

मी बटणाकडं हात नेला तर तिनं धरला.

"आज नाय. आधी वखारीत जाऊन ये. मला सांगून काय फायदा, मी घरची. जिथं नाव ठेवलं तिथं सांग. तवर हे मशीन चालू व्हायचं नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजा टाकून वखारीत गेलो. रामभाऊ होते, आणखी चार-पाच मिस्त्री होते, तो कायम ओंडक्यावर बसलेला म्हातारा होता. आत ओंडके चिरायचं मोठं मशीन चालू होतं. मी रामभाऊंजवळ जाऊन म्हणालो, "त्या दिवशी फळीत गाठ नव्हती. माझी चूक होती." माझा आवाज मलाच आला नाही.

"काय?" रामभाऊंनी कानाला हात लावला.

मी पुन्हा सांगितलं. मोजताना दोन वेगवेगळे दात धरले, पट्टी आवळली, तेही सांगितलं. या वेळी त्यांनी ऐकलं. पण त्यांचा चेहरा भलताच झाला.

"आरं, एकच दात धरायचा हे तर तूच शिकवलं ना त्याला? तो आमच्या शेडवर आला, माझ्या मशीनची पट्टी लावून दिली. त्या किसनच्या, त्या दोघांच्या पण. खडू लावा म्हणायचा, तोच दात मागं न्या म्हणायचा. आमच्या इंजिनेर मेव्हण्यानं शोधलं म्हणायचा."

दाजी, तुम्ही कधी सांगितलं हे त्यांना? त्यांनी तुम्हाला गाठे म्हणायच्या आधी, का नंतर?

"मी नाही शोधलं," मी म्हणालो. "त्यांनी शोधलं. मला तर ते येतच नव्हतं."

रामभाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. डोळे भरले होते त्यांचे. "शिकलेला माणूस असाच. मेलेल्या माणसाला मोठेपणा देतो. चांगलंय, चांगलंय."

मी नम्र ठरलो होतो. मी खरं सांगायला गेलो आणि तुमच्या खोट्यानं मला तिथंही गाठलं. क्षणभर वाटलं, राहू द्यावं. लोकांना वाईट वाटत नाही, मला वाईट म्हणत नाही कुणी, तुमचीही इच्छा हीच होती. पण ताई शेडमध्ये मशीन बंद ठेवून बसून होती.

मी आत जाऊन मशीनवाल्याला म्हणालो, "दोन मिनिटं बंद कर."

"का?"

"बंद कर म्हणतो ना."

त्यानं बटण दाबलं. मोठं पातं लगेच थांबत नाही, बराच वेळ घरघरत राहतं. तेवढा वेळ सगळे माझ्याकडं बघत होते. मग शांत झालं आणि मी मोठ्यानं सांगितलं. मी कोण, किती शिकलो, कुठं नोकरीला, काय मोजलं, कसं चुकलं. पत्र्याचा तुकडा काढून फेकला ते. तुमच्या जागेवर मी उभा होतो ते. फळी मी जाळली ते. तिच्यात काही नव्हतं ते. सांगताना माझी मान कुठं होती मला माहीत नाही, पण आवाज फाटला नाही.

रामभाऊ माझ्या मागोमाग येऊन उभे होते. एकदा त्यांनी "म्हंजी आम्ही उगीच त्याला..." एवढं म्हटलं आणि ते पुढचं नाव त्यांच्या तोंडातून निघेना.

ओंडक्यावरचा म्हातारा कमी ऐकतो. तो पुढं वाकून विचारायला लागला, "कुणाचं? कुणाचं म्हणतो हा?"

रामभाऊ वळले. त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळ्या वखारीला ऐकू जाईल असं ओरडले, "सोपान मिस्त्रीचं! गाठ नव्हती त्याच्या फळीत!"